माशांच्या खडकाखालचे रोडगे

आमच्या गावावर एक डोंगर आहे. डोंगर म्हणायचं ते आमच्या इकडच्या मानानं. सह्याद्री पाहिलेला माणूस हसेल. पण नागपूरच्या आजूबाजूला सगळं सपाट, त्यामुळे काळ्या खडकांचा तो उंचवटा आम्हाला डोंगरच वाटायचा. वर सालई, धावडा, तेंदू, चारोळी आणि पायथ्याशी मोहाची झाडं. माथ्यावर उभं राहिलं की अख्खं गाव दिसतं: एस.टी. स्टँड, गुजरीचा बाजार, शाळेची कौलं, कोणाच्या अंगणात कोण लुगडं वाळत घालतंय तेसुद्धा. आणि गावात कुठूनही मान वर केली की डोंगर दिसतो. आता तिथे वनोद्यान आहे. रविवारी नागपूरहून लोक येतात, सिमेंटच्या हरणाजवळ फोटो काढतात आणि कागद, पिशव्या तिथेच टाकून परत जातात. मी कित्येक वर्षांत वर चढलेले नाही. नागपुरात नंदनवनातल्या माझ्या घराच्या गच्चीवरून तो दिसत नाही, हे मला बरं वाटतं.

हे उद्यान ज्या साहेबानं उभं केलं म्हणतात, त्याच्यावर माझा राग आहे. तो वारल्याचं पेपरात वाचलं त्या दिवशी मी शिरा केला होता. घरच्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, रवा जुना झाला होता, पोरकिडे पडले असते. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. वर एका दगडावर ते कोरलेलं आहे, तेवढं त्याला पुष्कळ झालं.

माझे बाबा त्या डोंगराचे नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगल खात्यातला सगळ्यांत खालचा माणूस. त्याच्या अंगावर खाकी असते, हातात काठी असते, आणि वरचा प्रत्येक जण त्याला अरे-तुरे करू शकतो. पायथ्याशी आम्हाला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर होतं. मी तिथेच वाढले. बाबांना दारूचं नुसतं वावडं नव्हतं, चीड होती. मोहाचा हंगाम आला की गावातल्या अंगणाअंगणात फुलं वाळत पडायची, पण आमच्या अंगणात बंदी. त्या वासानंसुद्धा त्यांचं डोकं उठायचं. आई चिडायची. "सोन्यासारखं फूल दारात पडून राहते, अन् या माणसाले वास येते म्हणे!"

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा हा साहेब आला. रेंजर. तरुण, गोरा, इस्त्रीचे कपडे, आणि डोक्यात एकच खूळ: या डोंगराचं उद्यान करायचं. उद्यान करायला माझी ना नव्हती. पण त्यानं काय केलं, तर खडकांना चुना आणि गेरू फासला, चारोळीची झाडं तोडून तिथे सिमेंटचे बाक घातले, आणि एक सिमेंटचं हरीण आणून बसवलं. त्या हरणाचे ओठ लाल रंगवले होते. डोंगरावर खरी हरणं होती तेव्हाची ही गोष्ट आहे. तरी बाबांनी त्याचं सगळं मन लावून केलं. पायवाटेचे दगड त्यांनी स्वतः लावले, रोपांना खालच्या तळ्यातून कावडीनं पाणी घातलं. आई म्हणायची, घरच्या तुळशीले कधी तांब्या नाही ओतला अन् सरकारच्या झाडाले कावड.

मोहाखालचा पाला जाळायची आमच्याकडे रीत आहे. फूल पहाटे गळतं, ते पाल्यात पडलं तर हाती लागत नाही, म्हणून बुंध्याभोवतीचा पाला आधीच जाळून जमीन साफ करतात. पण ते काम दवात करायचं, सूर्य वर यायच्या आत. भोवतीची पट्टी झाडून घ्यायची आणि कडुनिंबाचा डहाळा हातात धरून आग विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाबा प्रत्येक झाडाशी जातीनं उभे राहत. साहेबानं एका सकाळी हे पाहिलं आणि त्याला फार आवडलं. घंटाभरात जमीन लख्ख! पुढे मार्चमध्ये नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी भर दुपारी यानं हुकूम सोडला की नव्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा पाला जाळून टाका.

मी बाबांचा डबा घेऊन वर गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"दुपारचं वारं डोंगरावून खाली उतरते जी," बाबा म्हणाले. "सकाळी करू. दवात."

"आता तू मला जंगल शिकवणार?" साहेब म्हणाला, आणि शिपायाला काडी ओढायला लावली.

आग दोन दिवस चालली. सगळी रोपं गेली, सागाचा एक पट्टा गेला, बाकांचा रंग गेला. सिमेंटचं हरीण काळं होऊन तसंच उभं राहिलं. मोठ्या साहेबांची पाहणी राखेत झाली. मग आमच्या साहेबानं रिपोर्ट लिहिला. त्यात हुकूम नव्हता, काडी नव्हती, शिपाईही नव्हता. त्यात एवढंच होतं की नाकेदार ड्यूटीवर मोहाची दारू पिऊन मद्यधुंद अवस्थेत पडला होता आणि त्याच्या बिडीनं आग लागली. बाबा बिडीही ओढत नव्हते.

बाबा सस्पेंड झाले. क्वार्टर सोडावं लागलं, गुजरीच्या मागे एक खोली घेतली. गावाला तर हसायला निमित्तच हवं असतं. बाबा रस्त्यानं निघाले की पानठेल्यावरून कोणी तरी विचारायचंच, "काय गा नाकेदार, कोन्या झाडाची होती?" अठरा वर्षं ज्यांच्या बायकांना त्यांनी डोंगरावरून सरपण नेऊ दिलं, तेच हे लोक. कोण कोण हसलं ते मला आजही आठवतं. त्यातल्या एकाच्या मुलीचं स्थळ पुढे माझ्या दिरासाठी आलं होतं. मी मुलगी न पाहताच ती सावळी आहे म्हणून सांगितलं.

नोकरीचं बाबांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. शेतावर कोणी ना कोणी बोलवायचं, आमचं भागत होतं. त्यांना तो शब्द खोडून हवा होता. मद्यधुंद. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि म्हणायचे, "लिवलंच कसं त्यानं?" मी मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असा नागपूरच्या मोठ्या कचेरीला आम्ही अर्ज केला. दुपारी हुकूम कोणी दिला, काडी कोणी ओढली, वारं कोणत्या दिशेचं होतं, सगळं. तीनदा पक्कं करून लिहिला. खाली बाबांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले. पावसाळ्यानंतर पत्र आलं की अर्ज पोचला आहे, चौकशी होईल. त्या पत्राला बाबांनी देवाच्या फोटोमागे जागा दिली.

चौकशी व्हायची होती, तेवढ्यात रोडग्यांचं निघालं.

हिवाळा आला, वांगी आली, की आमच्याकडे लोक रोडगे करायला बाहेर पडतात. कणकेचे जाड गोळे, आत तेलाचे पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. गावाचे रोडगे डोंगरावरच व्हायचे, पण नेहमी खालच्या तळ्याच्या काठाला. वर, माथ्याच्या थोडं अलीकडे, एक मोठा खडक पुढे झुकलेला आहे. त्याला माशांचा खडक म्हणतात. दिवाळीनंतर तिथे आग्या मोहोळाची पोळी लागतात, सुपाएवढाली. ती असेपर्यंत त्या खडकाखाली कोणी बिडीसुद्धा पेटवत नाही. पायथ्याच्या वळणावरून वरात गेली तर बँडवाले तेवढं अंतर वाजवायचं थांबवतात; नवरदेव घोड्यावर गपचूप बसून राहतो आणि पुढच्या कडुनिंबापाशी पुन्हा ताशा सुरू होतो. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक. साहेबाला ठाऊक नव्हतं. त्याला हे सांगणारा माणूस त्यानंच सस्पेंड करून ठेवला होता.

साहेबाचा नवा शिपाई निरोप घेऊन आला. नागपूरचे दोन साहेब बायकामुलांसह येणार, त्यांना रोडगे खायचे आहेत, आणि गावात रोडगे करावे तर नाकेदारिणीनं. आईला हिवताप होता. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू जाय. पाहुणे हायत, त्याईचा काय दोष? चांगलं करजो."

मी चांगलंच केलं. पहाटे उठले, कणिक भिजवली, वांगी निवडली आणि गोवऱ्यांच्या पोत्यातल्या अर्ध्या गोवऱ्या काढून त्यांवर पाण्याचा तांब्या ओतला. का, ते तेव्हा स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. साहेबाच्या डोळ्यांत धूर जावा, त्याच्या पाहुण्यांनी खोकत जेवावं, एवढंच मनात होतं असं मी पुढे बरीच वर्षं म्हणत आले. खरं म्हणजे तळ्याकाठी चूल मांडली असती तर तेवढंच झालंही असतं.

शिपायानं पोतं खांद्यावर घेताच विचारलं, "ओल्या लागून राहिल्या वं गोवऱ्या?"

"दव पडलं," मी म्हटलं.

आम्ही तळ्याशी पोचलो तर साहेब वरून खाली आला. जाकीट, काळा चष्मा. म्हणाला, इथे नको, इथे चिखल आहे. वर खडकाखाली सावली आहे, तिथून गाव छान दिसतं, पाहुण्यांना तिथेच बसवू. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तिथे चूल मांडायला काही अडचण नाही ना?"

शिपाई परगावचा होता, नुकता लागलेला. त्या वेळी तिथे ते मोहोळ माहीत असलेली मी एकटीच होते. मी मान वर करून पाहिलं. खडकाच्या पोटाला चार काळी पोळी लटकत होती. साहेबानंही मान वर केली असती तर त्याला दिसली असती. पण तो गावाकडे पाहत होता.

"नाही साहेब," मी म्हटलं.

पाहुण्यांच्या बायका आणि मुलं वर आली तेव्हा मात्र मी काड्यापेटी बाजूला ठेवली. एक पाचेक वर्षांची मुलगी तर माझ्या शेजारीच बसून कणकेची चिमणी करायला लागली. मी सगळ्यांना म्हटलं, रोडग्यांना दोन घंटे लागतील, तोवर खाली तळ्यात कमळं पाहून या, हा शिपाई दाखवील. चिमणी तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना वळणापलीकडे घालवलं. वर राहिला साहेब आणि नागपूरचे दोघं, सतरंजीवर पत्ते घेऊन. त्या दोघांशी माझं काही वैर नव्हतं. पण जो ज्याच्या पंगतीला बसतो, त्यानं थोडं सोसावं, असं तेव्हा मला वाटलं. हिशेबात मी कच्ची नाही. मुलं गेलेली पाहिली आणि मगच काडी ओढली.

ओल्या गोवऱ्यांचा धूर पांढरा आणि जड असतो. तो सरळ वर गेला आणि खडकाच्या पोटाला जाऊन थांबला. आधी काहीच झालं नाही. साहेब म्हणाला, धूर फार होतोय गं. मी म्हटलं, निखारा पडला की थांबेल. मग वरून पाऊस लागल्यासारखा आवाज आला. मी तयारच होते. गोवऱ्यांचं रिकामं बारदान डोक्यावरून ओढलं आणि चुलीपासून दूर एका कपारीत पालथी पडले. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. पळायचं नाही, हात हलवायचे नाहीत, मेल्यासारखं पडायचं.

ते तिघं पळाले. नागपूरचे दोघं वाटेनं खाली सुटले. त्यांना बराच प्रसाद मिळाला, पण ते निभावले. आमचा साहेब घाबरून भलतीकडे गेला आणि रायमुनियाच्या काटेरी झुडपात अडकला. मी बारदानाखालून ऐकत होते. तो आधी नुसता ओरडला. मग देवाचं नाव घेतलं. आणि मग, खरं सांगते, तो "नाकेदार! नाकेदार!" म्हणून ओरडायला लागला. त्या जागेवर कोणीच नवा नाकेदार नेमलेला नव्हता. तो माझ्या बाबांना हाक मारत होता. मला त्या क्षणी जे वाटलं ते आनंदच होतं. दुसरा शब्द मी शोधून पाहिला आहे, सापडत नाही.

आणि बाबा आले. गुजरीतून त्यांना डोंगरावर धूर दिसला होता, नको तिथे, आणि ते तिथूनच पळत सुटले होते. घोंगडी पांघरून ते आधी माझ्याकडे आले. बारदानाचं टोक उचललं, पाहिलं, म्हणाले, "अशीच पडून राय." आणि झुडपाकडे वळले. मी त्यांचा पाय धरला.

"जाऊ नका बाबा. मरू द्या त्याले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पाय सोडवून घेतला, झुडपात शिरले, घोंगडी साहेबावर टाकली आणि त्याला तसाच गुंडाळून ओढत वाऱ्याच्या दिशेनं तळ्याकडे नेलं. बाबांच्या अंगावर नुसता सदरा होता.

साहेबाला जीपमधून नागपूरच्या दवाखान्यात नेलं. बाबांना कोणी जीपमध्ये घेतलं नाही. ते चालत घरी आले. आठ दिवस त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता, डोळे मिटलेले, ओठ सुजलेले. आई तापातून उठून त्यांच्या अंगातले काटे काढत होती आणि मधूनमधून साहेबाचा उद्धार करत होती. ती पाणी आणायला गेली तेव्हा बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "गोवऱ्या ओल्या कोणं केल्या?"

"मी."

पुढे महिन्याभरानं साहेब बरा होऊन आला आणि त्यानं बाबांना कचेरीत बोलावलं. दुपारी बाबा परत आले ते खाकी कपड्यांचं गाठोडं घेऊनच. नोकरी परत मिळाली होती, क्वार्टर परत मिळालं होतं. आईनं साखर वाटली. माझ्या मनात तर ढोल वाजत होते. वाटलं, माशांनी जे केलं ते अर्जानं झालं नसतं. साहेबाला उपकार कळले, तो वरमला, त्यानं शब्द खोडला.

शब्द खोडला नव्हता. चार दिवसांनी पानठेल्यावर बातमी आली ती अशी: नाकेदारानं स्वतः लिहून दिलं. आगीच्या दिवशी मी दारू प्यायलो होतो, चूक माझी, साहेबांनी कोणताही हुकूम दिला नव्हता, माझा नागपूरचा अर्ज मी मागे घेतो. खाली सही. देवाच्या फोटोमागचं पत्रही गेलं होतं.

मी त्यांना जाब विचारला. त्यांनी पायात चपला घातल्या आणि डोंगरावर निघून गेले. मला वाटलं, हा माणूस विकला गेला. एका खाकी सदऱ्यासाठी, दोन खोल्यांसाठी. ज्या शब्दासाठी मी तीनदा पक्कं करून अर्ज लिहिला, तो शब्द यांनी आपल्या हातानं लिहून दिला. मग माझा राग साहेबावरून उठला आणि बाबांवर जाऊन बसला. मी त्यांना वाढायची, पण बोलायची नाही. लग्न होऊन नागपूरला, सक्करदऱ्याला सासरी गेले, तेव्हा मांडवात त्यांच्या पाया पडले नाही. वाकल्यासारखं केलं आणि पुढे सरकले. दिवाळीला माहेरी जाणं टाळलं. ते नागपूरला आले, पिशवीतून चारोळ्या, सीताफळं घेऊन, तर मी चहा देऊन स्वयंपाकघरात जायची. सासू म्हणायची, बाप आला अन् काहून अशी वागतं वं? असं दहा वर्षं चाललं.

दहा वर्षांनी, नणंदेच्या लग्नाच्या खरेदीला, मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले होते. ठोकचं दुकान, पांढरी गादी, वर साड्यांचा ढीग. शेजारी एक जाडा गृहस्थ मुलीच्या लग्नाचा बस्ता काढत बसला होता. बायको उजेडात काठ पाहायला दारापाशी गेली होती. "फिकट नको, गडद दाखवा," तो म्हणाला आणि आवाजावरून मी त्याला ओळखलं. या भेटीची मी दहा वर्षं तालीम केली होती. सरकून त्याच्याजवळ गेले, नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, "साहेब, त्या दिवशी गोवऱ्या मी ओल्या केल्या होत्या. खडकाला मोहोळ आहे ते मला दिसत होतं. तुम्ही विचारलं, अडचण नाही ना. मी मुद्दाम नाही म्हटलं."

मला त्याचा चेहरा पडलेला पाहायचा होता. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, मला नीट पाहिलं आणि हसला.

"अगं, ते मला शिपायानं दवाखान्यातच सांगितलं होतं. नाही तर तुझ्या बापानं सही दिली असती होय? तो अर्ज मला फार जड जाणार होता. मी म्हटलं, मुलीवर पोलिसात केस करतो, नागपूरचे दोन साहेब साक्षीला आहेत. बसला आणि लिहून दिलं." मग जरा थांबून म्हणाला, "चांगला माणूस. हात जोडले नाहीत हो त्यानं. फक्त म्हणाला, पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नका." आणि दुकानदाराकडे वळून, "ती मोरपंखी काढा."

त्याच्या बायकोसमोर, दुकानदारासमोर, तिथल्या तिथे त्याला काय काय म्हणावं असं मला झालं होतं. साड्या तशाच टाकून मी उठले आणि स्टँडवर येऊन गावची एस.टी. धरली.

बाबा वरच होते, नाक्याच्या दगडावर बसून काठी तासत होते. केस पांढरे झाले होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, "साहेब भेटला होता."

"बरा हाय का?"

"त्यानं सांगितलं सगळं."

ते तासत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले, ते किती वेळ ते आठवत नाही. मी म्हणत होते, आता नागपूरला चला, मी पुन्हा अर्ज लिहिते, सगळं लिहिते, गोवऱ्यांसकट. होऊ दे मला काय व्हायचं ते. साहेब अजून नोकरीत आहे, अजून त्याला ओढता येईल. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अर्ज-बिर्ज काही नाही. अन् तुह्या आईले यातलं काही सांगू नको."

"तिले तरी सांगू द्या बाबा. ती तुम्हाले दारुडा समजते!"

"समजू दे. माह्यावरचा राग तिचा केव्हाचाच निघून गेला. तुह्यावरचा नाही निघणार. तीन माणसं मेली असती त्या दिवशी."

आम्ही दोघं खाली आलो. मी दहा वर्षांनी बापाशी बोलत घरात शिरले, म्हणून आईला हर्ष झाला. तिनं झुणका केला, भाकऱ्या टाकल्या आणि आम्हाला एका ओळीत पाट मांडून बसवलं. वाढता वाढता ती मला म्हणाली, "बरं केलं राग सोडला. काय धरून बसली होती इतकी वर्षं! घेतली असंन त्या दिवशी थोडी. माणूसच होय न? मी त्याईले कधी बोलून दाखवलं का? मी तं माफ केलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"झुणका वाढ वं तिले," ते म्हणाले.

मी ताट पुढे केलं. बाबा गेल्यावर आई सात वर्षं जगली, शेवटी माझ्याकडेच, नंदनवनात. तिला खरं सांगायला मला रोज एक नवा दिवस मिळत होता. आई गेली ती बाबांना माफ करूनच गेली.